हात दे वं माय

त्या उन्हाळ्यात देवीशी बोलण्याची माझी सवय मोडली होती. रुसवा नव्हता, भांडण नव्हतं. सकाळी मनीषनगरच्या आमच्या घरात कोराडीच्या देवीच्या तसबिरीपुढं दिवा लावायची, हात जोडायची, आणि पुढं काय बोलावं तेच सुचायचं नाही. वातीकडं बघत थोडा वेळ उभी राहायची आणि तशीच ड्यूटीला निघायची. आईनं लहानपणी शिकवलेली प्रार्थना तोंडपाठ होती, पण तिच्यातला ओलावा कुठंतरी आटला होता.

मी इथल्याच एका रुग्णालयात मनोरुग्णांच्या तातडीच्या कक्षाची इन्चार्ज सिस्टर आहे. माणसाचं मन एकाएकी इतकं बिघडतं की त्याला स्वतःचं किंवा दुसऱ्याचं भान उरत नाही, अशा वेळी त्याला आधी आमच्याकडं आणतात. बाहेरच्यांना वाटतं, माझं काम पेशंट सांभाळण्याचं. खरं तर पेशंटना सांभाळणाऱ्यांना सांभाळणं हे माझं काम. कोणाला कोणती ड्यूटी झेपेल, कोण घरून रडून आलंय, कोणाला आज पुढं न पाठवता मागं ठेवावं, हे चेहरे बघून ठरवायचं असतं. माझ्या हाताखालची सगळी मुलं-मुली मला मॅडम म्हणतात, पण मनातून मी त्यांची आईच होऊन बसले होते. आणि आईला असतो तो भ्रमही मला होता, की मी आहे तोवर यांना काही होणार नाही.

उन्हाळा लागता लागता तो भ्रम फुटला. वैशाली नावाची आमची एक स्टाफ नर्स आहे. उमरेडची, विणकरांच्या घरातली, बोलायला मऊ आणि कामाला चोख. एका पेशंटला इंजेक्शन देताना त्याचं भान सुटलं आणि त्यानं तिला खिडकीच्या गजांवर ढकललं. भुवईच्या वर टाके पडले. बरा झाल्यावर तोच पेशंट तिच्यापुढं हात जोडून रडला, तिनंही त्याला मनापासून माफ केलं. पण अंगात शिरलेली भीती माफीनं जात नाही. रजेवरून ती परत आली तेव्हा पेशंटच्या चेहऱ्याकडं बघायच्या आधी त्याच्या हातांकडं बघायची. हळूहळू बाकीचेही तसंच बघू लागले. एके दिवशी ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मॅडम, मले लहान मुलांच्या वॉर्डात बदली द्या. आई रोज रडते घरी." मी हो म्हटलं. तिला थांब म्हणायचा मला काय हक्क होता? सगळ्यांना मी सांगत होते की भिऊ नका, आणि कक्षाचं दार उघडलं की मीही आधी कोणाचे हात कुठं आहेत तेच बघत होते.

अशातच एके दुपारी कविताला आणलं. हे तिचं खरं नाव नाही. जेमतेम पंचविशीची मुलगी, पहिल्यांदाच बाळंत झालेली. सोबत भाऊ आणि भावजय, भावजयीच्या कडेवर दुपट्यात गुंडाळलेली तान्ही मुलगी. भाऊ रडवेला होऊन सांगत होता, "मॅडम, हे पोरीले हातच लावत नाही. दूध पाजत नाही. म्हणते, माह्या हातात विष आहे, मी हात लावला त ती मरन." बाळंतपणानंतर क्वचित एखादीला असा आजार होतो. वेळेवर औषध मिळालं तर तो पूर्ण बरा होतो, आणि मिळालं नाही तर घात करतो. डॉक्टर वरच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटपाशी होते. मी निरोप धाडला आणि या लोकांना व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं.

बहिणीनं सकाळपासून काही घेतलं नाही म्हणून भाऊ बाहेरच्या टपरीवरून चहा घेऊन आला, काचेच्या ग्लासात. आमच्याकडं काचेची वस्तू पेशंटच्या हाती देत नाहीत, हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! तिनं ग्लास भिंतीवर आपटला, एक मोठी काच उचलली आणि व्हरांड्याच्या टोकाला, जिन्यापाशी, कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. काच स्वतःच्या मनगटाशी धरलेली. "जवळ नका येऊ! माह्या हातानं मराल तुम्ही. हे हातच नको मले."

आम्ही शिकलो होतो ते सगळं केलं. बघ्यांना हटवलं, भावजयीला बाळासकट आत पाठवलं. आमच्यातला पुरुष नर्स दिलीप ब्रदर आणि दोन मदतनीस तिला धरायला चादर घेऊन तयार राहिले, मी चार-पाच हात अंतर राखून हळू आवाजात बोलत राहिले. तिचं नाव घेतलं, बाळ सुखरूप आहे म्हटलं, आम्ही कोणी रागावलेलो नाही म्हटलं. माझा एकही शब्द तिच्यापर्यंत पोचत नव्हता. काच मनगटात रुतू लागली होती. वैशाली माझ्या मागं भिंतीला टेकून उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. धावून जाऊन हिला धरावं तर काच कुठं लागेल सांगता येत नव्हतं, आणि थांबावं तरी किती? माझ्याजवळचं सगळं ज्ञान, सगळा अनुभव संपला होता. मनात एवढंच आलं की आई, आता माझ्याच्यानं होत नाही. ती प्रार्थनाही नव्हती. दमलेल्या माणसाच्या तोंडून "आई गं" निघतं, तसं ते निघालं.

आणि जिन्यावरून एक म्हातारी उतरताना दिसली. वरच्या मजल्यावर डोळ्यांचा विभाग आहे. तिच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्यानंही तिला धड दिसत नसावं, कारण कठडा चाचपत, पायानं पायरी शोधत ती येत होती. नेमकी कविताच्या पाठीमागं. ओरडावं तर कविता दचकणार. दिलीपनं पाऊल उचललं आणि मी त्याचा हात धरून त्याला थांबवलं. का थांबवलं, हे मला आजही सांगता येत नाही. इन्चार्ज म्हणून मी तसं करायला नको होतं, असंही कोणी म्हणेल.

"कोण आहे वं तिथं?" म्हातारी म्हणाली. "बांगड्या वाजून राहिल्या. बाईमाणूस आहे ना? मले दिसून नाही राहिलं. सून म्हणे बसून राहा, मी उठली अन् रस्ता चुकली. हात दे वं माय."

कविता वळली. "आजी, नका येऊ. माह्या हातात विष आहे."

"असू दे," म्हातारी म्हणाली. "या वयात विषाची काय भीती वं? पण इथं पडून पाय मोडला, त सून मले जिती नाही ठेवणार. दे हात."

असं म्हणून तिनं हात पुढं केला आणि शेवटच्या पायरीचा तिला अंदाज आला नाही. ती झोकांडली. कवितानं क्षणभरही विचार केला नाही, दोन्ही हात पुढं करून तिला झेललं. काच फरशीवर पडली. तो आवाज मी कधी विसरणार नाही.

म्हातारीनं तिचे हात घट्ट धरून ठेवले. "केवढी थरथरून राहिली वं तू! भेली काय? चाल, संगं जाऊ." कविता आपल्या हातांकडं आणि म्हातारीच्या चेहऱ्याकडं आळीपाळीनं बघत होती. तेवढ्यात माझ्या मागून कोणीतरी पुढं झालं. वैशाली होती. तिनं चपलेनं काच बाजूला सारली, म्हातारीचा दुसरा दंड धरला आणि म्हणाली, "रस्ता इकडून आहे आजी. चला." तिघी हळूहळू चालत आमच्या कक्षात आल्या. आत बाकावर बसल्यावर कवितानं अगदी लहान आवाजात विचारलं, "आजी, तुम्हाले काही होऊन त नाही राहिलं?"

"होऊन राहिलं ना," म्हातारी म्हणाली. "तहान लागून राहिली."

वैशालीनं पाण्याचा पेला आणला आणि तो कविताच्या हातात दिला. कवितानं तो दोन्ही हातांनी धरून म्हातारीला पाणी पाजलं. डॉक्टर आले तेव्हा तिनं निमूटपणे हात पुढं केला, जखम बांधून घेतली, औषधही घेतलं. इतक्यात म्हातारीची सून शोधत शोधत आली. "काहून उठल्या तुम्ही? सारा दवाखाना पालथा घातला म्यां!" असं बोलतच तिला घेऊन गेली. गडबडीत मी तिचं नावही विचारलं नाही.

दिलीप ब्रदर दोन दिवस सगळ्यांना सांगत होता, की देवीच आली होती. कोराडीची देवी सकाळी बालिका, दुपारी तरुणी आणि संध्याकाळी वृद्धा दिसते म्हणतात. या वेळी ती दुपारीच म्हातारी होऊन आली, एवढंच! मी हसून म्हटलं, "अरे, देवीला कोणती सून असं रागावेल?" पण त्या संध्याकाळी घरी देवापुढं उभी राहिले आणि कितीतरी दिवसांनी डोळ्यांतून पाणी आलं, आणि पाण्याबरोबर शब्दही. मी मागितलं काहीच नाही. दिवसभर जे घडलं ते आईला सांगावं तसं सांगत बसले.

कविता बरी झाली ती औषधानं, हे मी नर्स म्हणून आवर्जून सांगते. म्हातारीच्या स्पर्शानं आजार गेला नाही. पुढं बरेच दिवस कविता पुन्हा पुन्हा आपले हात धूत असे. पण औषध लागू पडायला माणूस आधी वाचावा लागतो, आणि ते वाचवणं आमच्या कोणाच्या हातून होत नव्हतं. वैशाली म्हणाली, "मॅडम, बदलीचं सध्या राहू द्या. कविता बरी होईस्तोवर थांबते मी." भीती गेली का, असं मी विचारलं तर म्हणाली, "नाही गेली. तिले घेऊनच काम करीन." ज्या दिवशी कवितानं बाळाला पहिल्यांदा मांडीवर घेतलं, त्या दिवशी बाळाच्या डोक्याखाली वैशालीचा हात होता. थोड्या वेळानं तिनं तो अलगद काढून घेतला. कविताला ते कळलंही नाही. वैशाली अजून माझ्याच कक्षात आहे.

म्हातारी मला पुन्हा भेटली. डोळ्यांच्या विभागाबाहेर एका सकाळी ओळखीचा आवाज आला म्हणून वळले, तर ती बाकावर बसलेली, पट्टी निघालेली, काळा चष्मा कपाळावर चढवून येणाऱ्या-जाणाऱ्यांना न्याहाळत. सून औषधाच्या रांगेत होती. मी जवळ जाऊन ओळख दिली आणि म्हटलं, "आजी, त्या दिवशीची मुलगी बरी होऊन घरी गेली बरं का."

"कोणती पोरगी?" तिनं आठवून पाहिलं. "हां, जिन्यावरची? लय चांगली पोरगी होती बाई. मी पडलीच असती. तिनं वाचवलं मले."

मी काचेचं काही सांगितलं नाही. काय सांगणार? ही बाई कोणाला वाचवायला निघालीच नव्हती. तिला फक्त हात हवा होता, आणि तो तिनं न लाजता मागितला. मी मात्र इतकी वर्षं देत राहण्यालाच सेवा समजले. सगळ्यांचा भार एकटीनं वाहताना, आपणही कोणाचा हात मागू शकतो, आणि आपल्याच्यानं होत नाही म्हणताच कुठला तरी जिना उतरून तो येतो, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ती देवी होती का, हे मी आता स्वतःलाही विचारत नाही. तिला रस्ता चुकवणारा जो कोणी असेल, त्याच्या पायी माझं डोकं आहे.

म्हातारी नव्या डोळ्यानं माझ्याकडं निरखून बघत होती. मग बाकावर सरकून तिनं जागा केली. "लय थकली दिसतं वं तू. बस जराशी."

खाली कक्षात ड्यूटी वाटायची होती, राऊंडची वेळ झाली होती. तिनं माझा हात धरून खाली ओढलं आणि मी बसले. जिन्याखालून वैशाली कोणाला तरी काहीतरी समजावून सांगत असल्याचा आवाज येत होता. उठायची घाई मला वाटली नाही.