सासूबाई निवळल्या

माझ्या सासूबाई बोलायला लागल्या की गल्लीतली कुत्रीसुद्धा भुंकायचं थांबवतात, असं माझा नवरा म्हणायचा. स्वतःच्या आईबद्दल! बाकीच्यांनी काय ते समजून घ्यावं.

आमच्या पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीन आहेत. खिडकीजवळचं त्यांचं, दाराजवळचं माझं. आम्ही नवे कपडे शिवत नाही, दुसऱ्यांनी शिवलेले दुरुस्त करतो. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची, विरलेली कॉलर उलटवायची. सासरे गेल्यावर सासूबाईंनी एकटीने हे काम उभं केलं आणि त्यावर मुलाला शिकवलं. आयुष्यभर दुसऱ्याची शिवण उसवून पोट भरलेल्या बाईला दुसऱ्याचं काही पटकन चांगलं दिसेल, ही अपेक्षाच चूक.

लग्न होऊन आले तेव्हा मला शिवणातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनीच शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, मी टीप घालायची आणि त्यांनी ती उसवायची. "ही टीप आहे की गांडूळ सरपटलंय?" हे मी नऊ वर्षं ऐकलं. भाजीत मीठ जास्त, चहा पांचट, उशिरा उठले तर आळशी, लवकर उठले तर भांड्यांचा आवाज. नाकावर माशी बसू देत नसत. मीही काही गरीब गाय नव्हते. त्यांनी एक म्हटलं की मी दोन ऐकवायची, आणि नवरा आपलं ताट उचलून गॅलरीत जाऊन बसायचा.

आणि एक दिवस हे थांबलं.

एका गिऱ्हाइकाची राखाडी पँट होती. माझ्या हातून एक पाय दुसऱ्यापेक्षा चांगला दोन बोटं लांब राहिला. बोलणी खायची तयारी ठेवूनच मी ती सासूबाईंपुढे ठेवली; उत्तरंही मनात जुळवून ठेवली होती. त्यांनी दोन्ही पाय एकावर एक धरले, बघितलं, घडी घातली आणि पँट पिशवीत टाकली. अवाक्षर काढलं नाही. मी तडक गॅलरीत जाऊन माहेरी फोन लावला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना? आमच्याकडे जिवंतपणीच गेली बघ."

"वयाने माणूस निवळतं गं," माझी आई म्हणाली. "सुंठीवाचून खोकला गेला म्हण आणि गप बस."

मी गप बसले. कोण नाही बसणार?

पुढचे महिने माझ्या संसारातले सगळ्यात सुखाचे गेले. हे लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? नवरा टेबलाशी बसून जेवायला लागला. मी मनाला येईल तेव्हा उठले, मनाला येईल तशा टिपा घातल्या. सासूबाई विचारलं तेवढंच बोलायच्या, वाढलेल्यातलं अर्धं ताटात ठेवायच्या, उजाडायच्या आधीपासून खिडकीशी बसून असायच्या. आंघोळीला दोन-दोन दिवस जायच्या नाहीत. शेजारीण भेटली तेव्हा मी तोऱ्यात सांगितलं, "आमच्या सासूबाई आता अगदी निवळल्या." ती म्हणाली, "नशीब काढलंस." दोघी हसलो.

त्यांचे कपडे अंगावर लोंबायला लागले होते. अख्ख्या गल्लीच्या कंबरा बसवून देणाऱ्या बाईने स्वतःच्या कमरेला सेफ्टी पिन लावली होती. ती पिन मी रोज बघत होते. डोळे फुटले होते का माझे?

डोळे उघडले ते एका पडद्याच्या कामात. पडदा लांबलचक होता, खालची दुमड शिवायची होती. सासूबाईंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मशीन चालवलं, कापड फिरवलं, पुन्हा सुरुवात केली. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा मी उठून गेले. सुईत दोराच नव्हता. दुमडीवर नुसत्या भोकांच्या तीन रांगा पडल्या होत्या.

"अहो आई, सुईत दोरा नाहीये."

त्यांनी सुईकडे पाहिलं. "हो का," म्हणाल्या, आणि पुन्हा मशीन चालवायला लागल्या. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, थायरॉईड बघितलं, ताकदीचं औषध दिलं. महिन्याने त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी लिहून दिली. नवऱ्याने ती वाचून खिशात घातली आणि आठ दिवस बाहेर काढली नाही.

"आईला काय वेड लागलंय का? लोक काय म्हणतील?"

"लोक गेले खड्ड्यात," मी म्हटलं. "तुझी आई तरी बघ आधी."

मानसोपचाराच्या डॉक्टर माझ्याच वयाच्या बाई होत्या. त्यांनी विचारलं, हे कधीपासून आहे? नवरा म्हणाला, झाले असतील दोनेक महिने. मी म्हटलं, "अकरा महिने झाले." आणि तारीख सांगितली.

"तारीख कशी लक्षात राहिली?"

नवरा माझ्याकडे बघायला लागला. "त्या दिवशी मी माहेरी फोन केला होता," मी म्हटलं. कशाला, ते डॉक्टरबाईंनी विचारलं नाही.

आम्हाला बाहेर बसवून त्या सासूबाईंशी बराच वेळ बोलल्या. मग आत बोलावून म्हणाल्या, हा नैराश्याचा आजार आहे. यात माणूस रडतंच असं नाही. कित्येकदा नुसतं विझत जातं, विशेषतः उतारवयात, आणि घरच्यांना वाटतं वयच झालं. चूक कुणाचीच नाही, त्यांची नाही आणि तुमचीही नाही. शेवटचं वाक्य त्या माझ्याकडे बघून बोलल्या. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

"त्यांना विचारूनच सांगते," त्या पुढे म्हणाल्या, "त्यांना जगणं नकोसं वाटतं. तुम्हीही त्यांना सरळ विचारत जा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, हा गैरसमज आहे. आणि हो म्हणाल्या तर उद्यावर ढकलू नका, लगेच घेऊन या."

नवरा दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. सासूबाई शेजारी उभ्या राहून रस्त्यावरची वाहनं बघत होत्या.

मला वाटलं होतं, औषध म्हणजे चेन बदलण्यासारखं असेल. जुनी काढायची, नवी बसवायची, सर्रकन वर. कसलं काय! पहिला आठवडा मळमळीत गेला. महिना झाला, सव्वा महिना झाला, तरी फरक दिसेना. डॉक्टरबाईंनी गोळी बदलली आणि पुन्हा वाट बघा म्हणाल्या. दर गुरुवारी समुपदेशनाला न्यायचं. तिथली मुलगी चिकाटीची, पण सासूबाई पहिले तीन गुरुवार तिच्यापुढे नुसत्या बसून आल्या. नवरा म्हणायला लागला, काही उपयोग नाही, कशाला तिला ओढत न्यायचं. माझाही धीर सुटत होता, फक्त मी ते बोलत नव्हते.

एकदा मला वाटलं, चिडल्या तर बोलतील. मी मुद्दाम भाजीत मूठभर मीठ टाकलं. नवऱ्याने पहिल्याच घासाला ताट सरकवलं. सासूबाई खाली मान घालून खात राहिल्या, सगळी भाजी संपवली, वर पाणीसुद्धा मागितलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडले. कुणी मला आळशी म्हणावं म्हणून मी इतकी तडफडेन, असं कधी वाटलं नव्हतं.

उपचारांच्या सहाव्या महिन्यात झोप थोडी परतली. ताटातलं उरणं कमी झालं. आंघोळ सांगावी लागेना. बरं वाटतंय म्हणावं तर चेहरा तसाच कोरा. समुपदेशनाच्या मुलीने दोन कामं लावून दिली होती: रोज चालायचं, आणि रोज मनातली एक गोष्ट कुणाला तरी सांगायची. चालणं आम्ही करत होतो. चार वाजता मशीन बंद करून बागेपर्यंत जायचं, बाकावर बसायचं, परत यायचं. मनातली गोष्ट म्हणून त्या सांगायच्या, "चप्पल चावतेय" किंवा "ऊन आहे." मी हो म्हणायची.

परवा बाकावर बसल्यावर म्हणाल्या, "तू गुणगुणायचीस, माहितीये?"

"मी? कधी?"

"भांडी घासताना. मी गप्प झाले ना, त्यानंतर. आधी कधी ऐकलं नव्हतं." थांबून थांबून बोलत होत्या, पण बोलत होत्या. "आवाज बरा आहे तुझा. मी आत पडून ऐकायचे. तोही टेबलाशी बसून जेवायला लागला. घर कसं हसायला लागलं. मला वाटायचं, नुसतं तोंड मिटलं तर एवढं सुख झालं यांना, आपण उठूनच गेलो तर किती होईल. आतून काय होतंय ते सांगावंसं वाटायचं. पण तू गात असायचीस. मग नाही सांगितलं."

असं काही नाही हो आई, असं मी म्हणणार होते. ते खोटं होतं आणि त्यांना ते माहीत होतं. मी गात होते. मला पत्ताही नव्हता, पण गात होते, आणि पलीकडच्या खोलीत एक माणूस ते ऐकत मरणाचा हिशोब मांडत होतं.

"मला सुख झालं होतं," मी म्हटलं. "खरंच झालं होतं. चुकलं माझं."

समोर एक बाई कुत्र्याला बॉल टाकत होती. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं विचारायची मला भीती वाटत होती. तरी विचारलं.

"अजून वाटतं का तसं?"

"रोज नाही."

"आज?"

"आज वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर सांगितलं."

मी त्यांचा हात धरून उठले. घरी गेलो नाही. नवऱ्याला रस्त्यातूनच फोन केला आणि तशाच दवाखान्यात गेलो.