ओळखीचा आवाज

दुकानदाराने दोन प्लेअर पुढे ठेवले. "काका, तुमचंच गाणं लावून बघा. ओळखीच्या आवाजातच फरक कळतो."

माझ्या मेमरी कार्डात ताईचं गाणं आहे, ती गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात घरीच रेकॉर्ड केलेलं. पहिल्या प्लेअरवर आवाज जरा दबका वाटला, पण गोड, इतकी वर्षं ऐकत आलो तसाच. दुसऱ्यावर सगळं लख्ख ऐकू आलं. तानपुऱ्याच्या तारा, स्वयंपाकघरातलं भांडं, आणि प्रत्येक ओळीआधी ताईला लागलेली धाप. आम्ही तर समोर बसून वाहवा करत होतो. समोरच्या माणसाचं दुखणं ऐकू यायला इतकं महागडं यंत्र का लागावं, कोण जाणे.

"कळला ना फरक?"

"कळला," मी म्हणालो. "तो पहिलाच द्या."