गोजराबाईचा फोटो आणि ज्योत्स्नाचा ब्लॉग

जऊळक्याची ज्योत्स्ना शेत, घर, सासू सांभाळून गावातल्या बायांवर ब्लॉग लिहायची. लिहायची झकास, पण वाचणार कोण? व्हॉट्सअ‍ॅपवर नुसती निळी लिंक दिसली की लोक घाबरायचे, बोट लावलं तर मोबाइल जाईल म्हणून.

बाई हट्टाची. मोबाइलवरच शिकत, शंभरदा चुकत दोन महिन्यांत तिने प्रोग्राम लिहिला. लेख चढवला की त्यातला फोटो आणि मथळा घेऊन आपोआप चित्र तयार होई आणि लिंकसोबत झळके. कुणाच्या पाया न पडता केलं होतं, हे विशेष.

पहिला मान शेजारच्या गोजराबाईचा. सुईण, अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. प्रोग्रामने चोख काम केलं. काळी पाटी, मधोमध गोजराबाई, खाली नाव, त्याखाली लेखाची तारीख. ज्योत्स्नाला ते फार भारदस्त वाटलं.

लेख कुणी उघडला नाही. कशाला उघडतील? चित्र पाहूनच सगळ्यांनी हात जोडले, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा पाऊस पडला. गोजराबाईचा धाकटा भाऊ रामराव रिसोडहून जीपनं रडतच आला. बहीण अंगणात तूर पाखडत होती.

“कोन मेलं रे?” तिनं विचारलं.

रामरावानं मोबाइल पुढे केला. ज्योत्स्ना धावत आली. तिला तोंड लपवायला जागा उरली नव्हती. “मावशी, चुकलं माहं. सारं पुसून टाकतो. आता लिहीतच नाही.”

“थांब. लोकायनं काय लिहून ठेवलं, ते सांग पयले.”

ज्योत्स्नानं वाचलं. पुण्याला गेलेल्या पवननं लिहिलं होतं, आईच्या पोटात आडवा होतो मी, मावशीनं वाचवलं. असे कितीतरी.

“जित्तेपनी कोनी बोललं नव्हतं वं मले,” गोजराबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. “आता तुहं वाच.”

तिथंच अंगणात ज्योत्स्नानं प्रोग्राम उघडला. काळ्या पाटीची पिवळी केली, तारीख काढली. दोन ओळी बदलल्या आणि चित्र आपसूक नवं झालं. लिंक पुन्हा गेली. मग तिनं लेख वाचायला घेतला. एव्हाना शोक करायला जमलेली सारी मंडळी ऐकत बसली.

“हे समदं इनंच केलं,” गोजराबाईनं भावाला सुनावलं. “इच्यावानी पोरगी दाखव तुह्या रिसोडात.”

जीपवाला हॉर्न देत राहिला, पण रामराव काही उठेना.

“पोरी, दुसऱ्या बायांयचंही लिहेल हाय ना? वाच मंग,” तो म्हणाला.