अकराची कॅप्सूल

देह हे देवाचं मंदिर आहे, असं थोर माणसं सांगून गेली आहेत. त्या देवाला काय काय वाहावं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

सोलापुरात लिव्हरच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी माढ्याकडचे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांचे डोळे पिवळे झाले होते. जे काही घेता ते सगळं घेऊन या, असं डॉक्टरांनी सांगितल्यामुळे त्यांनी पिशवीतले डबे बाकावर ओळीनं मांडले होते. हळदीच्या गोळ्या, ग्रीन टीचा अर्क, लिव्हर साफ करणारी कॅप्सूल. प्रत्येक झाकणावर पेनानं वेळ लिहिलेली होती, आणि ती झाकणं ते रुमालानं पुसत होते.

"सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली, तवापासनं हे चालू केलं," ते म्हणाले. "समदं नैसर्गिक हाय."

"आणि कावीळ?"

"ती नंतर झाली की."

जरा वेळानं तेच म्हणाले, "दारूला कदी शिवलो न्हाय, साहेब. पीत असतो तर निदान सोडली तरी असती."



त्यांचा नंबर लागला. डबे घेऊन ते आत गेले आणि दहा मिनिटांनी तसेच परत आले.

"ह्या डब्यांनीच लिव्हर घालवलं म्हणत्यात. समदं बंद करा, आजच ॲडमिट व्हा म्हणत्यात."

ते बराच वेळ पिशवी मांडीवर धरून बसले. मग त्यांनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि माझ्याकडे पाण्याची बाटली मागितली. अकराच्या कॅप्सूलची वेळ झाली होती.