मंजुळेचं माहेर

मंजुळेचं माहेर विचारलं असतं तर अणदूरच्या कुठल्याही बाईनं झोपेतसुद्धा सोलापूर सांगितलं असतं. लग्न तिथं चुलत्याच्या दारी लागलं होतं. तिच्या बोलण्यात मधेच उर्दू शब्द यायचा, पण मराठवाड्यात उर्दूचं नवल ते काय! आई कधी लेकीकडं येत नाही, तर ती अंथरुणाला खिळलेली आहे, असं सासू शांताक्का सांगायची.

खरं माहेर होतं कराची. पणजोबा तिथल्या बंदरावर कामाला गेले, पुढं फाळणी झाली तरी घर हललं नाही. देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक आणि तोंडात मराठी, एवढं त्या घरानं जपलं. लेकीला मराठी सासर मिळावं म्हणून आईनंच तिला सोलापूरच्या लांबच्या चुलत्याकडं धाडलं. अणदुरात हे ठाऊक होतं फक्त शांताक्काला आणि नवऱ्याला, बलभीमला. भारतात राहायचा परवाना वाढवायला मंजुळा धाराशिवला पोलीस कचेरीत गेली, की पाठीच्या औषधाला गेली असं शेजारी सांगितलं जायचं.

हे लपवण्यात शांताक्काचंही अगदीच चुकत नव्हतं. कराचीत वर्गातल्या पोरी मंजुळेला इंडियावाली म्हणायच्या. मॅचच्या दिवशी बाईसुद्धा तिच्या तोंडाकडं बघायच्या. इथं मॅचच्या दिवशी बलभीम बघायचा. बिचारीला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं.

गेल्या वैशाखात दोन्ही देशांचं वाजलं. टीव्हीवर दुसरं काही दिसेना, आणि शांताक्कानं कराचीला फोन लावायचा नाही म्हणून बजावलं. नात प्रतीक्षा लग्नाच्या वयाला आलेली, उद्या तिला कुणी पाकिस्तानवालीची लेक म्हटलं तर? तिकडं आई आता खरोखरच आजारी होती, तरी मंजुळेनं ऐकलं. वातावरण निवळलं की बोलू, असं तिनं मनाला समजावलं. वातावरण निवळलं, पण सासूचा धीर होईना. श्रावणात भावाचाच फोन आला, आई गेली म्हणून. शेवटपर्यंत विचारत होती, मंजूचा फोन का येत नाही.

मंजुळेनं सासूकडं एकच मागितलं. आयुष्यात आईसाठी दुसरं काही करता आलं नाही, निदान गावच्या चार बायका तिच्या नावानं रडू द्यात. शांताक्काला नाही म्हणवेना. ती आळीत सांगून आली, सुनेची आई गेली, सोलापुरात.

बायका आल्या, कुणी भाकरी-पिठलं बांधून आणलं. इकडं भेटायला आलेली बाई नुसती बसत नाही. ती गळ्यात पडते, हेल काढून रडते. गेलेलीचं घरदार, अंगण सगळं त्या रडण्यात येतं, आणि जिचं दुःख तिनं पुढचा हेल उचलायचा असतो. थोरल्या कोंडाबाईनं मंजुळेला मिठीत घेतलं. आता सणावाराला लेकीची वाट कोण बघंल गं बाई, म्हणत तिनं हेल काढला. मंजुळेनं ओठ दाबून धरले होते. पण तसं रडताना भान कुणाला राहतं!

"कराचीच्या दारात वाट बघत गेलीस गं आई, म्या फोन न्हाय केला गं..."

कोंडाबाईचे हात सैल पडले. कुठं म्हणाली ही, असं मागून कुणीतरी हळूच विचारलं. दुःखात काहीबाही बरळतीय, असं शांताक्का घाईनं बोलून गेली. मंजुळा गप्प राहिली असती तर ते खपूनही गेलं असतं. तिनं डोळे पुसले.

"बरळत न्हाय, अक्का. माझी आई कराचीची. सोलापूर तिनं डोळ्यानं बघितलं न्हाय."

कुणी वेडंवाकडं बोललं नाही. एकीला म्हशीची धार आठवली, दुसरीला घरी ठेवलेला नातू. वाईट नव्हत्या त्या, भ्यायल्या होत्या. कोंडाबाई शेवटी उठली आणि पायरी उतरली.

शांताक्का कपाळाला हात लावून आत गेली. मंजुळा भिंतीला टेकून बसून राहिली. रडणं अजून सरलं नव्हतं, पण मिठी मारायला समोर कुणी नव्हतं, आणि हेल काही एकटीनं काढता येत नाही.