प्रमिलाताई चेक कशा करायच्या

"रिपोर्ट सरळ आहे मॅडम," बोरकर साहेब म्हणाले. "ऑपरेटरने चेक केलं नाही. तिला काढा, फाइल बंद करा."

बोरकर साहेब आमचे प्लांट मॅनेजर. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा मसाल्याचा कारखाना, आणि मी तिथे क्वालिटीची इन्चार्ज. एका हॉटेलवाल्याला आमच्या तिखटाच्या पाकिटात केसाएवढी बारीक तार सापडली होती. चाळणीची तार कधीमधी तुटते, त्यात नवल नाही. म्हणून तर पॅकिंगच्या शेवटी मेटल डिटेक्टर असतो. पट्ट्यावरून पाकिटं एका चौकटीतून जातात. आत धातू असला की पट्टा थांबतो आणि भोंगा वाजतो. इथे तो वाजलाच नव्हता.

त्या मशीनवर प्रमिलाताई होत्या. आठ वर्षं तिथेच. नवरा अंथरुणाला खिळलेला, घर त्यांच्या एकटीच्या जिवावर. शनिवारपर्यंत मला रिपोर्टवर सही करायची होती.

मी त्यांची वही मागवली. दर तासाला 'डिटेक्टर चेक केला' आणि पुढे सही. खोटी भरलेली वही मला लगेच कळते. एकच पेन, एकच हात, सगळ्या सह्या एका बैठकीत उरकलेल्या. ही तशी नव्हती. कुठे शाई पुसट, कुठे तिखटाचं बोट उमटलेलं. बाईंनी दर तासाला काहीतरी केलं होतं एवढं नक्की. काय केलं होतं?

मशीनशेजारी भिंतीवर कामाच्या सूचनांचा कागद असतो. तो वाचायला गेले. मीच लिहिलेला. चाळणी चेक करा, ओल चेक करा, सील चेक करा, डिटेक्टर चेक करा. पुढेही तेच. इंग्रजीतलं हे क्रियापद आपण इतकं आपलंसं केलंय की त्याच्या पोटात काय काय जातं हे विचारायचंच राहून जातं. डॉक्टर चेक करतात तेव्हा छातीला नळी लावतात. शाळेतल्या बाई चेक करतात तेव्हा लाल पेन चालतो. आमच्या बेसा भागातल्या सोसायटीचा वॉचमन गाडी चेक करतो, म्हणजे नुसता हात वर करतो. आणि आमचे हे गॅस चेक करतात, म्हणजे सोफ्यावरून ओरडतात, "गॅस बंद केलास ना?"

मग माझ्या लोकांचं चेक करणं कसं असेल? मला राहवेना. मी फ्लोअरवर गेले.

चाळणीवर रामटेके होते. विचारलं, "चाळणी चेक कशी करता हो?"

त्यांनी जाळीवर टिचकी मारली आणि कान लावला. "फाटली असली तं आवाज बसका येते मॅडम."

मला कौतुक वाटलं. फाटलेली चाळणी त्यांना नुसत्या कानाने कळत होती. मात्र एखादी तार तुटल्याने आवाज बसत नाही, हेही मला तिथेच कळलं.

मग प्रमिलाताईंकडे गेले. त्यांना कुणकुण लागलेलीच होती. चेहरा उतरला होता.

"ताई, डिटेक्टर कसा चेक करता ते दाखवा."

त्यांनी कमरेची लॉकरची चावी काढली आणि पट्ट्यावर ठेवली. चावी चौकटीत शिरली, पट्टा थांबला, भोंगा वाजला. "हे पाहा. दर तासाले असंच करून राहिली मी. एक तासही नाई सोडला."

चावी चांगली ढब्बू. मशीन आंधळं व्हायला आलं तरी चावी त्याला दिसणारच. त्याची नजर तपासायला टेस्ट पट्टी येते. प्लास्टिकची छोटी पट्टी, आत मोहरीएवढी लोखंडी गोळी. ती पकडली तर मशीन ठीक, नाहीतर पॅकिंग बंद करायचं.

"आणि टेस्ट पट्टी?"

"ते कपाटात हाये ना, देवतळे साहेबापाशी."

देवतळे आमचे शिफ्ट सुपरवायझर. त्यांनी कपाट उघडलं आणि दोन्ही हातांनी पट्टी काढून दिली. वरचं वेष्टणसुद्धा निघालेलं नव्हतं. वेष्टणावर हळदकुंकू. दर दसऱ्याला पान्या-पक्कडीबरोबर तिचीही पूजा व्हायची आणि ती परत कपाटात जायची. ऑडिटर आले की देवतळे सर्टिफिकेटसकट काढून दाखवायचे. ऑडिटर खूश.

"वापरली काहून नाही?" माझ्याही तोंडून 'का'च्या जागी 'काहून' निघालं.

"तुमीच तं ट्रेनिंगले सांगतलं होतं मॅडम," देवतळे म्हणाले. "हरवली तं महिनाभर दुसरी येत नाई, जिवापाड जपा म्हणून. आम्ही जपली."

मी म्हटलं होतं. शब्द न् शब्द. वेष्टण फाडून मी पट्टी पट्ट्यावर ठेवली. ती चौकटीतून आरपार गेली. भोंगा गप्प.

तिथल्या तिथे लाइन बंद केली आणि आधीचा सगळा माल अडवला. टेबलावर येऊन ती वही पुन्हा उघडली. प्रत्येक आठवड्याच्या तळाशी 'चेक्ड' आणि माझी सही. मी काय चेक केलं होतं? रकाने भरलेत की नाही, एवढंच. मला स्वतःची फार लाज वाटली.

रिपोर्टमध्ये चूक मुळात कुठे झाली ते लिहायची एक ओळ असते. तिथे मी माझं नाव लिहिलं.

"मॅडम, पायावर धोंडा कशाला मारून घेता?" साहेब वैतागले. "प्रमोशनची यादी चाललीये वर."

"माहीत आहे सर."

प्रमिलाताई कामावर राहिल्या. मला ताकीद देणारं पत्र आलं आणि यादीत दुसऱ्याचं नाव लागलं. नवा कागद मी प्रमिलाताईंजवळ बसून लिहिला. काय हातात घ्यायचं, कुठे ठेवायचं, काय ऐकायचं, काही ऐकू आलं नाही तर काय करायचं. एका पानाची सात पानं झाली.

लिहून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मंग आता तुमाले काढतीन का?"

"नाही हो. नुसतं पत्र दिलंय."

त्यांनी पट्टी हातात घेतली. "मले सांगतलं असतं मॅडम, तं मी रोजच लावली असती."

लावलीच असती. सांगायचं काम माझं होतं, आणि मी चेक करत बसले होते.