अर्थिंगच्या तारेखालचा रंग

फाटकाला ऑइलपेंट देताना त्या वासाने बाबांची जुनी व्हॅन आठवली. आत बाकं आणि स्टोव्ह बसवून त्यांनी तिचं फिरतं घर केलं होतं. एका दसऱ्याला गाडीची पूजा करून आजारी आजीकडे, आईच्या माहेरी देवळ्याला निघालो, तर किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. दुपारपर्यंत बाबा गाडीखालीच होते. मागच्या बाकावरून आई म्हणाली, "काल खालूनही रंग दिलात ना? अर्थिंगच्या तारेखालीही दिलात का?"

बाबांनी बॅटरीच्या त्या तारेच्या बोल्टखालचा रंग खरवडला, तार पुन्हा उघड्या लोखंडाला टेकली आणि गाडी सुरू झाली.

कित्येक वर्षं मी ही बाबांची फजिती म्हणून सांगत आलो. आता आठवते ती आईची मूठ. आजीला द्यायची आपट्याची पानं तिने सकाळपासून तीत धरली होती. सुकलेलं ते सोनं आजीने उशाशी ठेवलं. पुढचा दसरा तिला दिसला नाही.